गोदाकाठाहून खाडीपलीकडे

वडीगोद्रीचा फाटा

धुळे–सोलापूर महामार्गावर वडीगोद्रीला उतरलं की अंतरवाली सराटीची वाट धरता येते. आजूबाजूला ऊस, कापूस, मधूनच मोसंबीची बाग. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं, अंकुशनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि घरांसमोर ट्रॅक्टरशेजारी चारचाकीही दिसू लागली. संपादकांनी यंदा विषय दिला होता : डोंगर आणि समुद्र एकाच सफरीत, तेही स्वतः गाडी चालवत. सोबत नॉर्वे, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचे फोटो पाठवले होते. फोटो सुंदरच होते. पण अशी सफर कागदावर कशी उतरते, कुठे अडते, हे पाहायचं तर समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांकडे जावं असं मला वाटलं. म्हणून मी गोदावरीच्या काठावर आलो. इथल्या थोरल्या माणसांच्या लेखी कोकण हाच परमुलूख आहे.

फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात मी विषय काढला आणि प्रश्नांची यादी आपोआप तयार झाली. पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. "जनावरं कोण बघंल?" हा होता. दुसरा पाण्याच्या पाळीचा. शेतीपंपाची वीज या आठवड्यात रात्रीची की दिवसाची, त्यावर घरातला कोणता माणूस मागे राहणार हे ठरतं. तिसरी गोष्ट एका गृहस्थांनी बजावून सांगितली : "नुसता समुद्र नाही हो. दर्शनबी झालं पाहिजे. म्हातारी तेवढ्यासाठीच गाडीत बसती." म्हणजे गणपतीपुळे हवंच, येताना कोल्हापूरची अंबाबाई हवी, जमलं तर पंढरपूर. सहलीच्या कंपनीच्या छापील कार्यक्रमात या तिन्ही गोष्टींचा विचार नसतो. इथे मात्र बेत तिथूनच सुरू होतो.

या गावाला लांबच्या रस्त्याची ओळख नाही असं कुणी समजू नये. मनोज जरांगे पाटील यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाने गावाचं नाव राज्यभर गेलं आणि पुढे इथूनच गाड्यांचे ताफे मुंबईकडे निघाले. पहिला २० जानेवारी २०२४ रोजी, दुसरा २७ ऑगस्ट २०२५ रोजी. दुसऱ्या वेळी पैठण, शेवगाव, अहिल्यानगर, आळेफाटा, शिवनेरी असा रस्ता धरून, लोणावळ्याचा घाट उतरून माणसं आझाद मैदानावर पोहोचली. लढा मोठा होता, त्याची चर्चा करण्याची ही जागा नाही. पण प्रवासाची तयारी म्हणून पाहिलं तर त्या ताफ्यांत पिठापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं गाडीत भरलेलं होतं, वर ताडपत्री होती, गाडीतच झोपायची तयारी होती. हे शहाणपण या भागात आहे. सुट्टीच्या प्रवासासाठी ते वापरायचं कुणाच्या फारसं मनात येत नाही, एवढंच.

कधी निघायचं

मराठवाड्यातल्या घराला सुट्टी कॅलेंडर देत नाही, पीक देतं. सोयाबीन निघतं तोवर कापसाची वेचणी सुरू होते. ऊसतोडीची टोळी कधी फडात उतरेल ते कारखान्याच्या नोंदीवर. फेब्रुवारी–मार्चमध्ये ज्वारी काढणीला येते. शाळकरी मुलं असतील तर दिवाळीची सुट्टी मोलाची, पण तेव्हा कोकणातही गर्दीचा कहर असतो. २०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने तर या भागातल्या कित्येक घरांचे सगळेच बेत वाहून नेले.

मला विचाराल तर दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम. घाटात धुकं असलं तरी पाऊस नसतो, कोकणात घाम कमी येतो. ज्यांची ज्वारी लवकर निघते त्यांनी मार्च धरावा, कारण त्या सुमारास बाणकोटजवळच्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मिळतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे घरटी राखायला सुरुवात केली आणि गावकऱ्यांनी ते काम आपलं मानलं. मे महिन्यात आंबा असतो, पण उकाडाही तितकाच असतो. पावसाळ्यात धबधबे पाहायला जाणाऱ्यांचा मोह मला कळतो. तरी लेकरं-म्हातारी घेऊन, अनोळखी घाटात, जुलैत जाऊ नये. २०२१च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, आंबा घाट खचून वाहतूक थांबली. दरडी कोसळून घाट बंद होणं ही दरसालची गोष्ट आहे.

दोन हजार वर्षांची वाट

शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडून गेवराई मागे टाकली की कल्याण–निर्मळ महामार्ग आडवा येतो. उजवीकडे वळलं की पाथर्डी, अहिल्यानगर. तिथे निवड करायची. सरळ आळेफाट्याला जाऊन माळशेज घाटाने कल्याणकडे उतरायचं, की पुणे गाठून ताम्हिणीने माणगावला.

माळशेजच्या शेजारीच नाणेघाट आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. अंतरवालीच्या माणसाला ते बाजाराचं गाव वाटावं इतकं जवळ. पैठणचा माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत जात असे. घाटाच्या तोंडाशी गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजणही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर या दोन बाजारपेठा येतात, आणि तिथला माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जातो असं म्हटलं आहे. गोदेच्या काठाहून समुद्राकडे जाण्यात नवं काही नाही. आपण मधल्या काळात ती सवय विसरलो.

सुट्टीसाठी मात्र मी ताम्हिणी सुचवीन. माळशेज उतरल्यावर कल्याण, ठाण्याची गर्दी पार करावी लागते आणि निम्मा उत्साह तिथेच संपतो. ताम्हिणीचा रस्ता सरळ रायगडच्या दक्षिण भागात उतरवतो. पुणे सोडलं की मुळशीचा जलाशय कितीतरी वेळ सोबत चालतो. या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. जायकवाडीच्या नाथसागराखाली ज्यांची गावं गेली त्या भागातल्या माणसांनी इथे घटकाभर गाडी थांबवावी.

घाट उतरताना

अंतरवालीहून पुणं सुमारे अडीचशे किलोमीटर. सपाटीचा सराईत चालक हे अंतर जेवणाआधी कापतो आणि त्याच हिशेबाने पुढचं मोजतो. फसगत तिथेच होते. पुण्याहून माणगाव शंभरेक किलोमीटर, पण ते दोन तासांत होणारं अंतर नाही. पुढे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर तर तासाला तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. वळण, उतार, बाजारपेठेतली एकच गाडी जाईल एवढी गल्ली, समोरून आलेली एसटी. म्हणून नियम साधा ठेवावा : घाटाखाली गेल्यावर दिवसाला शंभर किलोमीटरपेक्षा जास्त आखू नये, आणि घाट उजेडी उतरावा. पहिल्या दिवशी पुण्याच्या अलीकडे किंवा मुळशीच्या आसपास मुक्काम करून सकाळी ताम्हिणी उतरणं सगळ्यात चांगलं. घरून पहाटे निघून रात्री किनाऱ्यावर पोहोचण्याची ईर्षा ही या सगळ्या बेतातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे. झोपेला आलेला चालक आणि अंधारातला घाट यांची गाठ पडू नये.

घाट चालवण्याची रीत गावातल्या ट्रकचालकांना विचारावी, ते नेमकं सांगतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर लागत नाहीत. इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं तर आत्मघातच. वळणाआधी हॉर्न, रात्री डिपर. अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. हा सौजन्याचा भाग आहे आणि मोटार वाहन नियमांचाही. सपाटीवर आयुष्य गेलेल्या चालकाला हे ठाऊक नसतं आणि तो वर चढणाऱ्या लाल गाडीसमोर अडून बसतो.

मुळशी ते माणगाव मोबाइलला रेंज अनेक ठिकाणी नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, टाकी पुण्यातच भरावी, स्टेपनीत हवा आहे का ते घरीच पाहावं. नकाशावर ‘जवळचा रस्ता’ दिसला म्हणून राज्यमार्ग सोडू नये. तो रस्ता आंबराईतून एखाद्या अंगणात नेऊन सोडतो.

तिथीचा पाऊणपट

सपाटीच्या माणसाला समुद्र म्हणजे एक जागा वाटते. किनाऱ्यावरच्या माणसाला तो वेळ असतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारं घड्याळ. हे घड्याळ पंचांगात आहे. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या–पौर्णिमेला उधाण जास्त. ज्या घरात एकादशी आणि चतुर्थी तोंडपाठ असते त्या घराला हा हिशेब शिकवावा लागत नाही, फक्त सांगावा लागतो. स्थानिक कोळ्याला विचारून तो ताडून मात्र घ्यावा.

त्याचा उपयोग पहिल्याच ठिकाणी होतो. माणगावहून म्हसळा, श्रीवर्धन करत हरिहरेश्वरला आलं की काळभैरवाचं दर्शन घेऊन माणसं प्रदक्षिणेच्या वाटेला लागतात. ही वाट डोंगराच्या कड्याखालून, समुद्राला लागून जाते. ओहोटीला ती विलक्षण आहे. लाटांनी कोरलेल्या खडकांत जाळी पडलेली, पायाखाली ओला कातळ. भरतीला तीच वाट जीवघेणी होते आणि इथे माणसं वाहून गेली आहेत. आरतीची वेळ पाहून जाण्याऐवजी ओहोटीची वेळ पाहून जायला हवं. याउलट गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ पाहायची तर भरतीच हवी. कातळाच्या चिरेत लाट शिरते आणि पाण्याचा खांब वर उसळतो. दशभुज गणेशाचं दर्शन आधी की नंतर, ते त्या दिवसाची तिथी ठरवेल.

गाडी वाळूत नेऊ नये, हे हात जोडून सांगतो. मुरूड, कर्दे, हर्णै, कुठलाही किनारा घ्या. ओहोटीला वाळू घट्ट वाटते, फोटोचा मोह होतो, चाक रुततं आणि पाणी वर येऊ लागतं. मग ट्रॅक्टर शोधायचा, दोर लावायचे, तोवर इंजिनात खारं पाणी. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात, ती योग्यच आहे.

आणि मग खाड्या. कोकणचा किनारा नकाशावर सलग दिसतो, पण दर थोड्या अंतरावर एखादी नदी त्याला चिरून समुद्राला मिळते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. पूल वर, महामार्गाजवळ. किनाऱ्याने जायचं तर गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं : बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दाभोळ–धोपावे ही सेवा २००३मध्ये सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या काठावर गाडी न्यायला चिपळूणचा वळसा पडायचा. बोटीचा लोखंडी फळा धक्क्यावर टेकतो, पोरगेला खलाशी हाताने खुणावतो, एकेक गाडी इंचाइंचाने आत जाते. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकून ठेवायचा, माणसांनी उतरून कठड्याशी उभं राहायचं. बहमनी काळात याच दाभोळच्या खाडीतून दख्खनचा परदेशी व्यापार चालत असे. घाटावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर मी इथे जो आनंद पाहिला तो किनाऱ्यावर पाहिला नाही. आपली गाडी, जिच्यातून रोज दुधाचे कॅन आणि खताची पोती जातात, ती पाण्यावरून चालली आहे, हे त्यांना पुनःपुन्हा एकमेकांना सांगायचं असतं. फेऱ्या रात्री बंद होतात. शनिवार–रविवारी रांगा लागतात. त्यामुळे खाडी दुपारच्या आत ओलांडावी.

भाकरी, मुक्काम आणि एक न बोललेली अडचण

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव पाहण्यासारखा आहे, पण माळकरी घरातल्या माणसांना तो वास सोसवत नाही. मुक्काम ठरवताना फोनवरच सांगावं की आमच्यात चार माणसं शाकाहारी आहेत. कोकणातल्या घरगुती मुक्कामांत घावन, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार, उकडीचे मोदक असं जेवण मिळतं आणि ते मनापासून वाढलं जातं. तांदळाच्या भाकरीवर मात्र मराठवाड्याचं पोट भरत नाही. एका ठिकाणी घाटावरून आलेल्या आजींनी स्वतःजवळचं ज्वारीचं पीठ घरमालकिणीच्या हाती दिलं, दोघींनी चुलीपाशी बसून भाकरी थापल्या आणि त्या संध्याकाळी कुणाला समुद्राची आठवण झाली नाही. पीठ न्यावं. ठेचा तर न्यावाच.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे बायकांची कुचंबणा. गाडीतल्या पुरुषांना वळणावर कुठेही थांबता येतं. बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छतागृह कुठे लागेल याचा भरवसा नसतो. मी ज्या ज्या घरच्या स्त्रियांशी बोललो त्यांनी आधी हसून विषय टाळला आणि मग हेच सांगितलं. बेत आखताना पेट्रोल पंप, एसटी स्थानकं आणि बरी हॉटेलं कुठे आहेत हे आधी नकाशावर खुणवून घ्यावं. देवळांच्या आणि धबधब्यांच्या आधी.

साता समुद्रापलीकडचे रस्ते

गावातली पोरं पुण्यात, तिथून परदेशात जाऊ लागली आहेत. त्यांना खरोखरच न्यूझीलंडला किंवा ऑस्ट्रेलियाला गाडी चालवायची असते. ते आवाक्याबाहेरचं नाही. आपला वैध परवाना, पासपोर्ट आणि नमुना ४-अ मधला अर्ज दिला की परिवहन कार्यालय आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देतं. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. २०२२च्या ऑगस्टपासून देशभर त्याची पुस्तिका एकसारखी झाली आहे. जालन्याच्या एमएच २१ कार्यालयात मिळालेली पुस्तिका आणि मुंबईतली, दोन्हींची किंमत तीच. पहिल्या खेपेला डावीकडून गाडी चालवणारा देश निवडावा : ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. नॉर्वेत उजवीकडून चालवावं लागतं. अनोळखी घाट आणि उलटी बाजू ही दोन्ही ओझी एकदम घेऊ नयेत.

तिकडच्या रस्त्यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला ग्रेट ओशन रोड १९१९ ते १९३२ या काळात पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी खोदला, मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. सुमारे २४० किलोमीटरचा हा रस्ता एका दिवसात उरकता येतो, पण जाणकार मध्ये मुक्काम करायला सांगतात. वाटेत गाडी बाजूला घ्यायच्या जागा ठिकठिकाणी आहेत. मागून घाईची गाडी आली की हळू चालणाऱ्याने तिथे शिरून वाट द्यायची. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच गाडीच्या रुंदीचे पूल आहेत आणि आधी कोणी जायचं ते बाणांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तिथलं सरकार पाहुण्यांना बजावतं की अंतर थोडं दिसलं तरी वेळ जास्त लागेल. नॉर्वेतला ट्रोलस्टिगन हा अकरा तीव्र वळणांचा, १९३६ साली खुला झालेला घाट हिवाळ्यात सरळ बंद ठेवतात, आणि खाडीवरची मोटारबोट हा तिथे महामार्गाचाच भाग मानतात. ताम्हिणी, दाभोळ आणि रत्नागिरीजवळचं आरे-वारे ज्याने शांतपणे पार केले त्याला हे रस्ते परके वाटणार नाहीत. ज्याने एका दिवसात पाचशे किलोमीटर मारण्याची शेखी मिरवली, त्याला तिथेही काही दिसणार नाही.

आंबा घाटाने वर

जयगडहून गणपतीपुळे जवळ आहे. देऊळ समुद्राला खेटून, आणि समुद्र पोहण्यासाठी फसवा. पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ नये, दरवर्षी तिथे जीव जातात. पुढे आरे-वारेच्या चढावरून दोन्ही बाजूंचे किनारे दिसतात, मग रत्नागिरी. परतीला रत्नागिरी–नागपूर महामार्ग पाली, साखरपा करत आंबा घाट चढतो. वर मलकापूर, पुढे कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन, वाकडी वाट करून पंढरपूर, मग सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा आपलाच महामार्ग. बीड, गेवराई, शहागडचा पूल. संपूर्ण फेरीला आठवडा द्यावा. तेवढे दिवस जनावरांची सोय होत नसेल तर हर्णै, दापोलीहूनच मागे फिरावं, पण दिवस कमी करून वेग वाढवू नये.

आता हा रस्ता बदलणार आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना मांडला गेलेला रेवस–रेड्डी सागरी महामार्ग पुन्हा हालचालीत आला असून रस्ते विकास महामंडळाने खाड्यांवरचे मोठे पूल हाती घेतले आहेत. पूल व्हायलाच हवेत. रात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचं तर बोट पुरत नाही. माझं मागणं एवढंच आहे की पूल बांधताना दर काही किलोमीटरवर गाडी सुरक्षित थांबवायला जागा ठेवा, तिथे बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह ठेवा, प्रत्येक किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत ठळक लिहा, आणि दाभोळची एक फेरी तरी पुलानंतरही चालू ठेवा. आणि वाचकांना सांगणं असं की पुलाची वाट पाहू नका. यंदाच्या हिवाळ्यात घरच्या थोरल्यांना घेऊन जा. उजाडताना निघा, घाट दुपारच्या आत उतरा, ज्वारीचं पीठ सोबत ठेवा.